कचऱ्याची सुरुवात खरेदीत
(प्रस्तावना)

घरातला ओला आणि सुका कचरा वेगळा ठेवा, हे आवाहन महाराष्ट्रातली शहरे कित्येक वर्षे ऐकत आली आहेत. घंटागाडीवरची गाणी, भिंतींवर रंगवलेली चित्रे, शाळांमधल्या निबंधस्पर्धा, सोसायट्यांच्या सभा या सगळ्यांचा रोख घराकडे असतो, आणि घरातही बहुतेक वेळा घरच्या बाईकडे. त्याच शहरात सरकारी कार्यालये आहेत, बँका, रुग्णालये, महाविद्यालये आणि त्यांची वसतिगृहे, हॉटेले, मॉल, मंगल कार्यालये, भाजी मंडया, देवस्थाने आणि माहिती तंत्रज्ञान कंपन्यांचे टोलेजंग मनोरेही आहेत. तिथल्या कचऱ्याची चर्चा क्वचितच होते. कार्यालयात दिवसभर काम करणारा माणूस संध्याकाळी घरी जाऊन दुधाची पिशवी धुऊन वाळत घालतो, पण दुपारी जेवणाचा डबा संपल्यावर त्याने टेबलाखालच्या बादलीत काय टाकले याची विचारणा त्याला कोणी करत नाही. या पुस्तकाचा विषय ती बादली आहे. व्यवसायांच्या आणि संस्थांच्या कचऱ्यावर पुनर्प्रक्रिया का होत नाही, ती नेमकी कुठे अडते आणि तो अडसर काढणे कोणाच्या हातात आहे, या तीन प्रश्नांचा मागोवा पुढच्या प्रकरणांत घेतला आहे.

कायद्याने या संस्थांना वगळलेले नाही. केंद्र सरकारच्या 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी रोज सरासरी 100 किलोपेक्षा जास्त कचरा करणाऱ्या प्रत्येक आस्थापनेला मोठा कचरा निर्माता म्हटले. त्या व्याख्येत केंद्र आणि राज्य सरकारची कार्यालये आली, स्थानिक संस्थांच्या स्वतःच्या इमारती आल्या, दवाखाने, शाळा, विद्यापीठे, हॉटेले, बाजार, प्रार्थनास्थळे, क्रीडासंकुलेही आली. जागीच वर्गीकरण करायचे, सुका माल अधिकृत कचरावेचकांना किंवा पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांना द्यायचा आणि ओला कचरा शक्य तितका आवारातच जिरवायचा, असे बंधन त्या नियमांनी घातले. 2026 च्या नव्या नियमांनी वर्गीकरणाचे चार भाग केले आणि मोठ्या निर्मात्यांची जबाबदारी आणखी ठळक केली. म्हणजे नियमांची वाण नाही. तरीही केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2021-22 च्या अहवालानुसार देशात रोज तयार होणाऱ्या सुमारे 1.7 लाख टन घनकचऱ्यापैकी प्रक्रिया होत होती ती जेमतेम 91 हजार टनांवर. नियम आहेत, यंत्रे आहेत, माल विकत घेणारे कारखाने आहेत, मग मधली साखळी कुठे तुटते? माझे उत्तर असे आहे की संस्थेच्या कचऱ्याचे भवितव्य कचरापेटीपाशी ठरतच नाही. ते आधीच दोन कागदांवर ठरलेले असते. पहिला कागद खरेदीच्या आदेशाचा आणि दुसरा सफाईच्या कराराचा. हे दोन कागद बदलल्याशिवाय रंगीत पेट्या, शपथा आणि फलक यांचा उपयोग फारच थोडा होतो.

हे म्हणणे तपासण्यासाठी आधी जे व्यवस्थित चालते ते पाहू. कोणत्याही बाजारपेठेतला कोरडा पुठ्ठा रस्त्यावर पडून राहत नाही. किराणा दुकानदार रिकामी खोकी दुमडून बाजूला रचतो, भंगारवाला येतो, काट्यावर वजन होते, पैसे हातात पडतात. पुढे त्याच पुठ्ठ्याचे दाबलेले गठ्ठे कागद गिरणीत जातात. आपल्या गिरण्यांना देशातली रद्दी पुरत नाही, म्हणून भारत दरवर्षी परदेशांतून लाखो टन टाकाऊ कागद आयात करतो. दुकानदाराला यासाठी कोणी प्रबोधन केलेले नाही. माल एकाच प्रकारचा आहे, स्वच्छ आहे, पुरेसा आहे, त्याला भाव आहे आणि त्याचा मालक कोण याबद्दल शंका नाही, म्हणून हे घडते. घरगुती कचऱ्याच्या तुलनेत संस्थांच्या कचऱ्यात हे गुण खरे तर जास्त असायला हवेत. बँकेच्या शाखेतून रोज साधारण तोच कागद निघतो, वसतिगृहाच्या खानावळीतून रोज तेच उरलेले अन्न निघते, रुग्णालयातून रोज त्याच बनावटीच्या सलाइनच्या बाटल्या निघतात. काय निघणार, किती निघणार आणि कोणत्या वेळी निघणार हे आधी सांगता येते. इतका सांगता येण्याजोगा माल कचऱ्याच्या डेपोवर जातो तेव्हा कारण मालात शोधून सापडत नाही. ते व्यवस्थेत शोधावे लागते.

कार्यालयातल्या एका दिवसाच्या कागदाचे काय होते ते जवळून पाहिले की हे उलगडते. छपाई यंत्रातून निघालेला पांढरा कागद हा रद्दीतला सर्वांत चांगला भाव मिळणारा माल. तो टेबलाखालच्या बादलीत पडतो. त्यावर चहाचा कागदी कप पडतो. हा कप नावालाच कागदी असतो, कारण आतून त्याला प्लास्टिकचा पातळ थर दिलेला असतो आणि तो थर साध्या गिरणीत कागदापासून सुटत नाही. कपात तळाशी उरलेला चहा कागदावर सांडतो. मग तेल लागलेला वडापावचा कागद येतो, केळ्याचे साल येते, खरेदीची चकचकीत पावती येते. ही पावती उष्णतेने छापली जाणाऱ्या रासायनिक लेपाच्या कागदाची असते, ती रद्दीत मिसळली की लगदा बिघडतो. गोपनीय म्हणून यंत्रात घालून बारीक चिरलेला कागद सुटा असेल तर कोणी घेत नाही, कारण त्याचे तंतू आखूड होतात आणि गठ्ठाही नीट बांधला जात नाही. रात्री सफाई कामगार हे सगळे एकाच काळ्या पिशवीत रिकामे करतो आणि गाठ मारतो. सकाळी ज्याला भाव होता तो कागद रात्री तेलकट, ओला आणि निरुपयोगी झालेला असतो. या बारा तासांत कोणी कायदा मोडावा म्हणून काही केलेले नाही. कप कोणीतरी स्वस्त पडतो म्हणून मागवला, बादली एकच ठेवली आणि पिशवी एकच दिली, एवढेच घडले.

मिसळलेल्या मालाची किंमत किती पडते याचा धडा साऱ्या जगाने 2018 मध्ये घेतला. चीनने त्या वर्षी टाकाऊ प्लास्टिक आणि न निवडलेल्या कागदासह अनेक प्रकारच्या टाकाऊ मालाची आयात बंद केली आणि जो माल घ्यायचा त्यातली भेसळ अर्ध्या टक्क्यापेक्षा जास्त चालणार नाही असे ठरवले. युरोप आणि अमेरिकेतली शहरे वर्षानुवर्षे एकाच पेटीत सगळा सुका माल गोळा करून जहाजांवर चढवत होती. त्यांच्या मालाला अचानक गिऱ्हाईक उरले नाही. गोळा केलेला माल आणि पुन्हा उपयोगात आलेला माल यांच्यातले अंतर त्या वर्षी उघड झाले. त्या अंतराचे नाव वर्गीकरण, आणि वर्गीकरण जितके उगमाजवळ तितके स्वस्त. इंग्लंडने पुढे कायदाच केला. 31 मार्च 2025 पासून तिथे दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक कामाच्या ठिकाणी अन्नाचा कचरा आणि सुका माल इतर कचऱ्यापासून वेगळा द्यावा लागतो. या कायद्याचा रोख थेट कामाच्या जागेकडे आहे, हे त्यातले लक्षात घेण्यासारखे वैशिष्ट्य.

आता सफाईच्या कराराकडे वळू. घरात वस्तू आणणारा, वापरणारा आणि टाकणारा बहुतेक वेळा एकाच कुटुंबातला असतो. संस्थेत ही कामे चार वेगळ्या हातांत असतात. भांडार विभाग वस्तू मागवतो, कर्मचारी किंवा रुग्ण ती वापरतो, हाउसकीपिंग कंपनीचा कंत्राटी कामगार ती उचलतो आणि तिसऱ्याच ठेकेदाराची गाडी ती नेते. प्रत्येकाचे हिशेब वेगळे. भांडार विभागाला सर्वांत कमी दर दाखवायचा असतो, वस्तू टाकताना येणारा खर्च त्याच्या खात्यात पडत नाही. हाउसकीपिंगच्या निविदेत किती चौरस फूट फरशी पुसायची, किती माणसे पुरवायची, प्रसाधनगृहे दिवसातून किती वेळा धुवायची हे लिहिलेले असते. कचरा किती वेगळा करून द्यायचा यावर सहसा एक मोघम वाक्य असते आणि त्यासाठी वेगळा मोबदला नसतो. वाहतूकदाराला खेपेमागे किंवा टनामागे पैसे मिळत असतील तर जितके वजन जास्त तितके त्याचे बिल मोठे, मग ओला कचरा मिसळलेला राहणे हेच त्याच्या फायद्याचे ठरते. किमान वेतनाच्या आसपास राबणाऱ्या, ठेका बदलला की नोकरी जाणाऱ्या कामगाराने या सगळ्यांच्या हिशेबाविरुद्ध जाऊन रात्री अकरा वाजता काळी पिशवी उघडून कागद निवडत बसावे, ही अपेक्षा अन्यायाची आहे आणि ती पूर्णही होत नाही.

करार आणि खरेदी यांतून फरक पडतो याचा भक्कम पुरावा रुग्णालयांत सापडतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते आरोग्यसेवेतून निघणाऱ्या कचऱ्यापैकी सुमारे 85 टक्के कचरा सर्वसाधारण, कोणताही विशेष धोका नसलेला असतो. उरलेला 15 टक्के संसर्गजन्य, विषारी किंवा किरणोत्सारी असू शकतो. हा लहान भाग मोठ्या भागात मिसळला की सगळेच धोक्याचे होते, म्हणून 2016 च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनी रंग ठरवून दिले. पिवळी पिशवी जाळायच्या वस्तूंसाठी, लाल पिशवी दूषित पण पुन्हा उपयोगी पडणाऱ्या प्लास्टिकसाठी, पांढरा न भेदता येणारा डबा सुया-पात्यांसाठी, निळा डबा काचेसाठी. एका सिरिंजचा प्रवास पाहा. परिचारिका इंजेक्शन देते, सुई यंत्रात जळते किंवा कापली जाते आणि पांढऱ्या डब्यात जाते, प्लास्टिकची नळी लाल पिशवीत जाते. पिशवीवर बारकोड असतो. न प्रक्रिया केलेला हा माल 48 तासांपेक्षा जास्त ठेवायचा नसतो. सामाईक प्रक्रिया केंद्रात ती नळी ऑटोक्लेव्हमध्ये वाफेने निर्जंतुक होते, तिचे तुकडे केले जातात, म्हणजे ती कोणी धुऊन पुन्हा विकू शकत नाही, आणि ते तुकडे अधिकृत कारखान्यात दाण्यांसाठी जातात. जो कचरा इतका घातक, त्याच्याच पुनर्प्रक्रियेची वाट इतकी नेमकी आखलेली आहे.

याच नियमांनी आणखी एक गोष्ट केली आणि माझ्या युक्तिवादासाठी ती सर्वांत महत्त्वाची आहे. क्लोरिनयुक्त प्लास्टिक जाळल्यावर डायॉक्सिन आणि फ्युरान ही अत्यंत विषारी द्रव्ये तयार होतात. म्हणून नियमांनी रुग्णालयांना क्लोरिनयुक्त प्लास्टिकच्या पिशव्या आणि हातमोजे टप्प्याटप्प्याने बंद करायला सांगितले. म्हणजे कायदा कचऱ्याच्या पिशवीपाशी थांबला नाही, भांडार विभागाच्या खरेदीपर्यंत मागे गेला. धुराड्याला गाळणी बसवण्याआधी धूर विषारी करणारी वस्तूच आत येऊ नये, हा विचार त्यामागे आहे. ही व्यवस्था सर्वत्र चोख चालते असे नाही. लहान दवाखान्यांत घाईत लाल पिशवीतला माल पिवळ्यात जातो आणि जाळला जातो, खाटांच्या संख्येवर शुल्क आकारले जात असेल तर वर्गीकरण नीट केल्याचा आर्थिक फायदा रुग्णालयाला दिसत नाही. पण या उणिवाही तेच सांगतात. जिथे करारातला पैसा वर्गीकरणाच्या बाजूने आहे तिथे ते टिकते, जिथे नाही तिथे ढिले पडते.

जुन्या संगणकांच्या बाबतीत उलट चित्र दिसते. सरकारी कार्यालयात निकामी झालेले यंत्र जडसंग्रह नोंदवहीत वर्षानुवर्षे पडून राहते. निर्लेखनाचा प्रस्ताव, समितीची पाहणी, वरिष्ठांची मंजुरी या वाटेने जाईपर्यंत त्याचा दुरुस्तीयोग्य भागही निरुपयोगी होतो. शेवटी लिलाव होतो आणि माल जास्त बोली लावणाऱ्याला जातो. जास्त बोली कोणाला परवडते? प्रदूषण रोखण्यासाठी खर्च न करणाऱ्याला. तो तारा उघड्यावर जाळून तांबे काढतो, आम्लात सर्किटच्या पाट्या बुडवून मौल्यवान धातू काढतो आणि उरलेले नाल्यात सोडतो. नोंदणीकृत कारखान्याला धुराचा, सांडपाण्याचा, कामगारांच्या सुरक्षेचा खर्च असतो, त्याची बोली कमी पडते. 2022 चे ई-कचरा नियम 1 एप्रिल 2023 पासून लागू झाले. त्यांनुसार वर्षात एक हजार किंवा अधिक विद्युत-इलेक्ट्रॉनिक उपकरणे वापरणारी संस्था मोठी ग्राहक ठरते आणि तिने माल नोंदणीकृत यंत्रणेलाच द्यायचा असतो. तरी लिलावाच्या अटींत हे स्पष्ट लिहिले नाही तर सर्वांत जास्त किंमत हा जुना निकष जिंकतो. संयुक्त राष्ट्रांच्या 2024 च्या जागतिक ई-कचरा अहवालाप्रमाणे 2022 मध्ये जगात 6.2 कोटी टन ई-कचरा तयार झाला आणि त्यातला 22.3 टक्केच रीतसर गोळा होऊन पुनर्प्रक्रियेला गेल्याची नोंद आहे. एवढ्या मोठ्या गळतीत निविदेतल्या एका अटीचा वाटा लहान नाही.

सुक्या मालाचे नशीब ओल्या कचऱ्याशी बांधलेले आहे, म्हणून हॉटेले, खानावळी आणि मंगल कार्यालये यांना पुस्तकात स्वतंत्र प्रकरण दिले आहे. उरलेले अन्न वेगळे गेले की कागद, बाटल्या, डबे आपोआप विकण्याजोगे राहतात. ते मिसळले की डेपोच्या ढिगात कुजून मिथेन तयार होतो. जानेवारी 2016 मध्ये देवनारच्या कचरा डेपोला लागलेल्या आगीचा धूर मुंबईवर अनेक दिवस राहिला होता. 1927 पासून कचरा घेत आलेली ती जागा शहराने दशकानुदशके न निवडलेल्या मालाने भरली होती. उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या ग्रामस्थांनी पुण्याच्या कचऱ्याविरुद्ध पुन्हा पुन्हा केलेल्या आंदोलनांमागेही हेच आहे. शहराने वर्गीकरणाचा खर्च वाचवला आणि तो दुसऱ्याच्या विहिरीत आणि श्वासात उतरवला. गोव्यात साळगावचा प्रकल्प 2016 मध्ये सुरू झाला आणि किनारपट्टीवरच्या पंचायतींचा कचरा तिथे जाऊ लागला. ओल्या भागापासून वायू आणि वीज तयार होते, विकण्याजोगा माल निवडला जातो, आणि जे कोणी घेत नाही असे प्लास्टिक गठ्ठे बांधून कर्नाटकातल्या सिमेंट कारखान्यांत जाळण्यासाठी पाठवले जाते. असा प्रकल्प हवाच, पण हॉटेलच्या मुदपाकखान्यात जे काम एका वेगळ्या पिंपाने होते, ते प्रकल्पात सरकते पट्टे, यंत्रे आणि माणसे लावून करावे लागते, आणि तरी कागद कोरडा होत नाही.

या साखळीत सर्वांत जास्त वर्गीकरण जे करतात त्यांचे नाव कोणत्याही संस्थेच्या वार्षिक अहवालात सहसा नसते. धारावीच्या तेरा कंपाउंडमध्ये मुंबईभरचे प्लास्टिक जात आणि रंगाप्रमाणे निवडले जाते, फोडले, धुतले आणि वाळवले जाते. पुण्यात 1993 मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली आणि तिच्यातून पुढे स्वच्छ ही सहकारी संस्था घडली. प्रामुख्याने दलित समाजातल्या, पिढ्यान्‌पिढ्या उकिरड्यावर माल वेचणाऱ्या बायांना दारोदार गोळा करण्याचे रीतसर काम, ओळखपत्र आणि सेवाशुल्क मिळाले. त्यांच्या हातांना पेट आणि पीव्हीसी यांतला फरक कळतो, आणि तो कळणे महत्त्वाचे असते, कारण दिसायला सारख्या या दोन प्लास्टिकांत पीव्हीसीचा थोडा अंशही पेटच्या वितळलेल्या मालाची नासाडी करतो. संस्था मोठ्या झाल्या, प्रवेशद्वारावर पहारा आला, सगळे काम एकाच मोठ्या ठेकेदाराला देण्याची पद्धत आली, तसे या बायांना दार बंद झाले. संस्थेने कचरा रीतसर दिल्याचे प्रमाणपत्र मिळवले आणि माल मात्र पूर्वीपेक्षा वाईट निवडला जाऊ लागला. 2016 च्या घनकचरा नियमांनी कचरावेचकांना व्यवस्थेत सामावून घ्यायला सांगितले होते. संस्थांच्या करारांत त्याचा उल्लेख यायला हवा.

या म्हणण्यावर आक्षेप येतात आणि ते विचारात घेण्याजोगे आहेत. पहिला आक्षेप व्यापाऱ्यांचा: आम्ही महापालिकेला कर भरतो, कचरा उचलणे तिचे काम आहे. कर सामाईक सेवेसाठी असतो हे खरे, पण रोज शेकडो किलो कचरा नफ्याच्या व्यवसायातून तयार होत असेल तर त्याचा भार भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या करदात्यावर का टाकावा? कारखान्याच्या सांडपाण्याबाबत हे तत्त्व आपण केव्हाच मान्य केले आहे. दुसरा आक्षेप जागेचा आणि पैशाचा. मुंबईत 2017 मध्ये महापालिकेने 20 हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या किंवा रोज 100 किलोपेक्षा जास्त कचरा करणाऱ्या आवारांना 2 ऑक्टोबरची मुदत देऊन ओला कचरा जागीच जिरवायला सांगितले, तेव्हा हाच आक्षेप आला, नोटिसा निघाल्या, मुदती वाढल्या. दाट वस्तीतल्या जुन्या इमारतीत खतासाठी जागा नसते, हे मान्य केलेच पाहिजे. लहान हॉटेलाला तर ते शक्यच नाही. म्हणून आग्रह जागीच जिरवण्याचा धरू नये, वेगळा देण्याचा धरावा. वेगळा दिलेला ओला माल वायू प्रकल्पाने नेता येतो, आणि एका गल्लीतल्या वीस दुकानांनी मिळून एकच गाडी ठरवली तर खर्च वाटला जातो. या पुस्तकात लहान दुकानदारांसाठी सुचवलेल्या योजना याच धर्तीवर आहेत.

तिसरा आक्षेप अर्थशास्त्राचा आहे आणि तो सर्वांत वजनदार आहे. पुनर्प्रक्रिया बाजारावर चालते, आणि तेलाचे भाव पडले की नवे प्लास्टिक स्वस्त होते, जुन्याला कोणी विचारत नाही. त्यात ऑक्टोबर 2021 मध्ये टाकाऊ प्लास्टिकवरचा वस्तू व सेवा कर 5 टक्क्यांवरून 18 टक्के झाला, आणि हिशेबात राहून व्यवहार करणारा व्यापारी बिनपावतीच्या व्यापाऱ्यासमोर मागे पडला. थर्माकोलमध्ये बहुतांश हवाच असते, त्याच्या गाडीचे भाडेही सुटत नाही. वेफर्सच्या पुडीत प्लास्टिक आणि धातूचे थर चिकटलेले असतात, ते सुटे होत नाहीत. हे सगळे खरे आहे, पण यातून निघणारा निष्कर्ष आक्षेप घेणाऱ्यांना वाटतो त्याच्या उलट आहे. ज्या मालाला बाजार नाही तो संस्थेने विकतच घेऊ नये, हाच त्यावरचा उपाय. संस्थेच्या खरेदीत मोठी ताकद असते. विद्यापीठाच्या उपाहारगृहाचा ठेका देताना पुड्यांऐवजी सुटे पदार्थ बरणीतून द्यावेत, पाण्याच्या बाटल्यांऐवजी जार आणि पेले असावेत, यंत्र पुरवणाऱ्याने थर्माकोल स्वतः परत न्यावे, अशा अटी घालणे अवघड नाही. पुन्हा वापरता येणाऱ्या कपाला सुरुवातीला पैसे जास्त लागतात, पण टाकाऊ कपाची खरेदी, काळी पिशवी, वाहतूक आणि खराब झालेली रद्दी हे खर्च एकाच कागदावर मांडले की स्वस्त काय ते वेगळे दिसते. आज हे खर्च चार फायलींत विखुरलेले असल्यामुळे कोणालाच दिसत नाहीत.

चौथा आक्षेप पर्यावरणवाद्यांकडून येतो. पुनर्प्रक्रिया हीच एक पळवाट आहे, ती वापर चालू ठेवायला निमित्त देते, खरे काम कचरा कमी करण्याचे. त्यांचे म्हणणे मला बरेचसे पटते. कागदाचे तंतू प्रत्येक फेरीत आखूड होतात, बाटलीचे प्लास्टिक बहुधा पुन्हा बाटली न होता धागा होते, म्हणजे माल दर फेरीला एक पायरी खाली उतरतो. पण खरेदीपासून सुरुवात केली तर कमी करणे आणि पुनर्प्रक्रिया यांत निवड करावी लागत नाही. काय लागते आणि काय नको, हा प्रश्न खरेदीच्या टेबलावरच विचारला जातो, आणि जे लागतेच ते शेवटी कोणाकडे जाणार हाही तिथेच विचारता येतो. उत्पादकांनीच जबाबदारी घ्यावी असेही काही म्हणतात. 2022 पासून प्लास्टिक वेष्टनांच्या उत्पादकांवर तशी विस्तारित जबाबदारी आली आहे आणि ती काटेकोर व्हायलाच हवी. मात्र उत्पादकाने पैसे दिले तरी स्वच्छ माल त्याच्यापर्यंत पोचवण्याचे काम इमारतीतच होणार आहे.

शेवटचा आक्षेप सर्वांत जास्त ऐकू येतो: लोकांची मानसिकता बदलल्याशिवाय काही होणार नाही. संस्थेत तरी हे खरे नाही. तोच माणूस रुग्णालयात कर्मचारी असतो तेव्हा लाल आणि पिवळ्या पिशवीत सहसा चूक करत नाही, कारण तिथे प्रशिक्षण आहे, नोंद आहे, बारकोड आहे आणि तपासणी आहे. मानसिकता व्यवस्थेच्या मागोमाग येते. घराला शिस्त लावणे सरकारला अवघड जाते, कारण घरे लाखो असतात आणि त्यांत डोकावता येत नाही. संस्था मोजक्या असतात, त्यांना परवाने लागतात, त्या दरवर्षी हिशेब तपासून घेतात. शहराच्या कचऱ्यात लवकर फरक पाडायचा असेल तर सुरुवात इथून करणे शहाणपणाचे आहे, आणि ती करताना सरकारी कार्यालये पहिल्या रांगेत असायला हवीत. जी महापालिका दुकानदाराला नोटीस देते तिच्या स्वतःच्या मुख्यालयातली बादली वेगळी असेल तरच त्या नोटिशीला वजन येते.

पुस्तकाची रचना याच क्रमाने केली आहे. पहिल्या भागात संस्थेत येणाऱ्या मालाची यादी करून त्यातल्या प्रत्येक वस्तूला शेवटी गिऱ्हाईक आहे की नाही ते पाहिले आहे. दुसऱ्या भागात सफाई आणि वाहतुकीच्या करारांतली कलमे आहेत: वजन कोण करणार, वेगळ्या दिलेल्या मालाचा मोबदला कामगारापर्यंत कसा पोचणार, मिश्र पिशवी आली तर कोणाचे बिल कापायचे. तिसरा भाग रुग्णालये, शिक्षणसंस्था, हॉटेले आणि सरकारी कार्यालये यांच्या वेगवेगळ्या अडचणींचा आहे, आणि चौथा कचरावेचकांच्या संघटनांशी थेट करार करण्याविषयी. कुलसचिव, रुग्णालयाचे प्रशासक, मुख्याध्यापक, हॉटेलचे व्यवस्थापक, भांडारपाल, सोसायटीतल्या दुकानदारांचे प्रतिनिधी आणि नगरसेवक हे या पुस्तकाचे वाचक आहेत असे मी धरले आहे. त्यांच्याकडे स्वाक्षरीचा अधिकार आहे, आणि हा विषय स्वाक्षरीपाशीच सुटणार आहे. वाचकाने सगळे पुस्तक वाचून संपवण्याआधी आपल्या संस्थेचा चालू सफाई करार आणि गेल्या वर्षाची खरेदीची यादी फायलीतून काढून समोर ठेवावी, अशी विनंती आहे. त्या दोन कागदांवर कुठे काय बदलता येईल ते पानापानांवर सापडेल. मार्च अखेरीस नव्या वर्षाच्या निविदा निघतील. त्यांतल्या काही निविदांत वर्गीकरणाचे कलम, त्याचा मोबदला आणि परत नेण्याची अट दिसली, तर या पुस्तकाचे काम झाले असे मी समजेन.